इंदुमॅडमचं विलायती झाड

इंदुमॅडम सकाळी कॉलेजात आल्या की आधी सायकल भिंतीला टेकवायच्या, पदर खोचायच्या आणि मागच्या आवारातल्या एका उंच झाडाच्या बुंध्यावर तळहाताने दोन थापा मारायच्या. म्हैस धुऊन झाली की तिच्या पाठीवर मारतात ना, तशा. प्राचार्यांना नमस्कार, शिपायाची विचारपूस, आम्हा सहकाऱ्यांकडे बघून मान हलवणं, हे सगळं त्यानंतर. मी एकदा विचारलं, "मॅडम, हे काय करता रोज?"

"हजेरी घेतो," त्या म्हणाल्या.

त्या "घेतो"ला मी तेव्हा पदराआड हसले होते. लग्न होऊन नुकतीच नागपुरात आले होते. माहेर सावंतवाडी, शिक्षण कोल्हापूरला, एम. एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग. तो पहिला वर्ग मी कुंकवाच्या जरा वर, कपाळावर लावूनच हिंडत असे. इथल्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात, "मले-तुले" करतात, याची मला केवढी गंमत वाटायची. आता माझी नात मला हसते, कारण मीही दारातून "येतो गं" म्हणूनच बाहेर पडते. असो. तेव्हा मी शहाणी होते.

मुलींच्या त्या कॉलेजात मला डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी विभागप्रमुख म्हणून इंदुमॅडम भेटल्या. चाळिशीच्या आतबाहेर, सावळ्या, काटक, सुती पातळ, पायात रबरी चपला. मी उंच टाचांच्या सँडल घालून गेले होते. उन्हाळा संपत आलेला, आवारातल्या काळ्या मातीला हाताएवढ्या भेगा पडलेल्या, आणि एका भेगेत माझी टाच अडकली. ती सोडवता सोडवता मी वर पाहिलं, तर समोरचं झाड नखशिखान्त उघडं. पान म्हणून नाही. मला वाटलं, आपलं ज्ञान दाखवायची हीच वेळ.

"मॅडम, हे झाड वाळलंय. काढून टाकायला सांगू या का?"

मॅडमनी माझ्याकडे आधी वरपासून खाली आणि मग खालपासून वर पाहिलं. "कोण्या गावची वं तू?"

"सावंतवाडी."

"लय हिरवं गाव हाय म्हणते."

"हो. आमच्याकडे झाडं अशी उघडी पडत नाहीत."

"बरं. मंग सावंतवाडी, तू आठवडाभर दम धर. तोवर तुयी करवत पर्समधी ठेव."

आठवड्याने ते झाड पोपटी पानांनी असं भरून आलं, की मी दुसऱ्या वाटेने प्रयोगशाळेत जाऊ लागले. मॅडमनी बरोबर त्या वाटेवर गाठलं. "अवं, ते वर्षातून दोनतीनदा कपडे बदलते. सगळे एकदम काढते, सगळे एकदम घालते. ते नाही लाजत, तू काहून लाजून राहिली?" तेव्हापासून माझं नाव सावंतवाडी पडलं. माझं खरं नाव त्यांनी पगाराच्या दिवशी सहीपुरतंही घेतलं नाही.

ते झाड तोफगोळ्याचं. मराठीत त्याला कैलासपतीही म्हणतात, पण मॅडमना ते नाव आवडत नसे. मूळ ते आपलं नव्हेच. दक्षिण अमेरिकेत गयाना आहे, ब्राझील आहे, तिथल्या नदीकाठच्या सदाहरित जंगलांतलं. नागपुरात ते कसं आलं, याची गोष्ट मॅडम दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगत. नोकरीच्या सुरुवातीला त्या सहल घेऊन कलकत्त्याला गेल्या होत्या. तिथल्या बागेत झाडाखाली पडलेलं फळ त्यांनी माळ्याला विचारून उचललं. तोफेच्या गोळ्याएवढं, तसंच गोल, तसंच जड. परतीच्या गाडीत वरच्या फळीवरून ते खाली पडलं आणि फुटलं. त्याच्या गराला जो वास असतो, तो मी इथे लिहीत नाही. कोणी जेवता जेवता वाचत असेल. अर्धा डबा रिकामा झाला.

"लोक मायापासून दूर सरकून बसले," मॅडम सांगत, "अन् त्याचं कारण मायी जात नव्हती. असं पहिल्यांदाच झालं. मी पाय लांब करून नागपूरपर्यंत झोपत आलो."

मुली हसत. मीही हसले. घरी गेल्यावर हसू कुठेतरी अडकलं.

मॅडमचं घर इंदोऱ्याला. वडील गिरणीत विणखात्यात होते. छप्पनच्या दसऱ्याला हे सगळं कुटुंब दीक्षाभूमीवर बौद्ध झालं, तेव्हा मॅडम कॉलेजात शिकत होत्या. "त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनं सांगितलं, आजपासून जे खरं नाही त्याच्यापुढं हात जोडाचे नाही. मले सोपं गेलं. मायं शास्त्रच तसं हाय."

त्या गरातल्या केसाळ बिया धुऊन मॅडमनी रोपं केली. एक जगलं. जिथे जवळजवळ रोज पाऊस पडतो अशा जंगलातलं झाड नागपूरच्या उन्हात जगवायचं, म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. मॅडमनी रोपाभोवती वाळ्याच्या ताट्या उभ्या केल्या, कूलरला लावतो त्याच. त्यांच्यावर सकाळ-दुपार पाणी. मे महिन्यात कॉलेज बंद, तरी मॅडम टळटळीत उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून, सायकलला पाण्याचे डबे अडकवून हजर. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. लोक विचारत, हे झाड इथं टिकलं कसं? मॅडम म्हणत, "तिथं पाऊस हाय, इथं मी हाय."

मी रुजू झाले त्याच्या पुढच्या वर्षी झाडाला पहिला बहर आला. फांद्यांवर नाही, थेट बुंध्यावर. बुंध्यातून दोरासारख्या डहाळ्या लोंबत होत्या, त्यांच्यावर कळ्या धरल्या आणि फुलल्या. जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळसर, आतून लालगुलाबी. वास असा की मागचं आवार अत्तराचं दुकान झालं. मॅडमनी सगळं कॉलेज बोलावलं. इतिहासाच्या, हिशेबाच्या, शिवणाच्या, सगळ्या बाया झाडाखाली उभ्या. आणि नेमकी ती महाशिवरात्रीची गडबड.

फुलाच्या मधोमध एक चकती असते आणि तिच्यावर फण्यासारखं वळलेलं पुंकेसरांचं झाकण. संस्कृतच्या बाईंनी आत डोकावून पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. "अगबाई, पिंडीवर नाग."

"बाई, तो नाग नाही," मॅडम म्हणाल्या. "ती भोजनावळ हाय. वरच्या फण्यातला पराग भुंग्याच्या खाण्यासाठी, त्याच्यापासून बी होत नाही. भुंगा खात बसते, तोवर खालच्या चकतीतला खरा पराग त्याच्या पाठीले लागते. जेवू घालून काम करून घ्याचं, बस."

संस्कृतच्या बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना बुंध्याला कुंकू लावलं.

पुढच्या सोमवारी त्यांच्या गल्लीतल्या बायका आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी त्या बायकांच्या नात्यातल्या. मग दूध आलं, तेल आलं, घंटा टांगायला बुंध्यात खिळा आला. फुलं तोडून नेण्यासाठी लोक मुलांना खांद्यावर घेऊन झाडाला भिडवू लागले. बुंध्याशी ओतलेल्या दुधाने माती आंबली, मुंग्या लागल्या, साल काळी पडू लागली. मॅडम रोज राख आणि पाणी घेऊन साफ करायच्या. बायकांना समजवायच्या, आधी गोडीने. "अवो, मुळायलेही श्वास घ्यावा लागते. तुम्ही दूध ओतून राहिल्या, ते गुदमरून राहिलं." बायका म्हणायच्या, "हो का मॅडम," आणि तांब्या उपडा करायच्या.

एका सोमवारी मॅडमचा संयम सुटला. त्यांनी खाली पडलेलं एक ताजं फूल उचललं, पर्समधून दाढीचं पातं काढलं (आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांच्या पर्समध्ये ते असतंच) आणि सगळ्या बायकांच्या देखत फूल उभं चिरलं. "हे पाहा. हे पुंकेसर, हा अंडाशय. हे फूल हाय. लय सुंदर फूल हाय. तेवढं पुरत नाही काय?"

एक म्हातारी मटकन खाली बसली आणि रडू लागली. दुसरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांच्या हातून दुसरं काय होणार?"

मॅडमनी पातं पुसलं, कागदात गुंडाळलं आणि तासाला गेल्या. त्या दिवशी त्यांनी पेशीविभाजन शिकवलं. फळा नेहमीपेक्षा नीटनेटका होता. मी मागच्या बाकावर बसले होते आणि मला वाटत होतं, यांनी जरा गोड बोलायला हवं होतं. तेविसाव्या वर्षी माणसाला दुसऱ्याने कसं बोलावं हे फार छान कळतं.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी मॅडमच्या मागे निदान त्यांची वस्ती उभी होती. पण पुढच्या उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या दिवशी इंदोऱ्यातून माणसं आली. पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या, उदबत्त्या. पुढे मॅडमचे वडील. वस्तीत कोणीतरी श्रीलंकेला जाऊन आलेलं होतं, त्याने तिथल्या विहाराच्या आवारात हेच झाड पाहिलं होतं आणि तिथले लोक त्याला शाल म्हणतात, हेही ऐकलं होतं. शालवृक्षाखाली बुद्धाचा जन्म, शालवृक्षाखाली महापरिनिर्वाण. ते झाड आपल्या नागपुरात, आणि लावलं कोणी, तर आपल्या पोरीने. माणसांचे चेहरे असे उजळले होते की मी कोकणातली देवभोळी, मलाही वाटलं हात जोडावेत.

मॅडम त्या दिवशी नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी पुरलं असतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. झाडाला एका रात्रीत शेकडो राखणदार मिळाले असते.

मॅडम म्हणाल्या, "हा शाल नाही."

माणसं थांबली.

"शाल आपल्याच मुलखातला हाय. तिकडं मंडल्याच्या जंगलात जा, डोंगरचे डोंगर हायेत. त्याचं फूल बारीक, फिकट, फांदीच्या टोकाले येते. बुंध्यावर नाही येत. हे झाड समुद्रापलीकडचं. बुद्धाच्या काळात आपल्याकडं कोणी हे पाह्यलंही नव्हतं."

कोणी ओरडलं नाही. एकाने मेणबत्ती फुंकली, मग दुसऱ्याने. एक तरुण म्हणाला, "ताई, ते लोक याले महादेव म्हणते तवा चालते, अन् आपण बुद्धाचं म्हटलं का तुम्ही पुस्तक काढता."

"त्यायलेही हेच सांगितलं होतं, गा," मॅडम म्हणाल्या. "पातं घेऊन सांगितलं."

सगळे गेल्यावर वडील पायरीवर बसले. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं. म्हातारा लेकीकडे न पाहता म्हणाला, "बाई, त्यायले एक झाड पाहिजे होतं. तुयं काय गेलं असतं?"

"बाबा, तुम्हीच शिकवलं होतं."

"मी तुले दुसऱ्यायच्या देवाबद्दल शिकवलं होतं."

मॅडमनी भिंतीला टेकवलेली सायकल काढली. वडिलांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्या उन्हातून घरी घेऊन गेल्या.

त्यानंतर झाडावर दोन दावे लागले. एका बाजूला चौथरा आणि त्रिशूळ हवा होता, दुसऱ्या बाजूला कठडा आणि झेंडा. मॅडमनी नाही म्हटल्याने कोणाचंच अडलं नव्हतं. दोन्हीकडे त्यांच्याशिवाय चाललं. दोन्हीकडून संस्थेकडे माणसं येऊ लागली, आवाज चढू लागले. संस्थेने सभा बोलावली. मॅडमबरोबर मीही गेले. मी शुद्ध मराठीत भाषण पाठ केलं होतं, त्यात "निसर्गाचा अमूल्य ठेवा" दोनदा होतं. नेसले काय होते, तर लग्नातली कांजीवरम. झाडाच्या बचावाला! सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या पहिल्या वाक्याला मान डोलावली, दुसऱ्याला चहा मागवला आणि तिसऱ्याला विचारलं, "तुम्ही ते सावनेरच्या खाणीत आहेत ना, त्यांच्या मिसेस? सासऱ्यांचा गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. माझं निसर्गरक्षण तिथे संपलं.

मग ते मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही तज्ज्ञ. एकदाचं सांगून टाका, हे झाड कोणाचं?"

"लेसिथिडेसीचं."

"म्हणजे?"

"ब्राझील नटाचं कुळ. त्याचे सोयरे इथं भांडाले येणार नाहीत."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना देवाधर्माचं काही नाही, ते ठीक आहे. पण आम्हाला या शहरात राहायचंय."

"मलेही इथंच राहाचं हाय, साहेब," मॅडम म्हणाल्या. "झाड ठेवा. कुंपण घाला, कुलूप लावा, मले किल्ली देऊ नका. फक्त ठेवा."

ठराव झाला, की वरून पडणाऱ्या जड फळांपासून विद्यार्थिनींच्या डोक्यांना धोका असल्याने झाड काढावं. मॅडम म्हणाल्या, गोळे मी कोवळे असतानाच उतरवतो. त्याची नोंद घेतली गेली.

दसऱ्याच्या दिवशी नागपूर घरी नसतं. अर्धं शहर सोनं वाटत हिंडतं, अर्धं शहर दीक्षाभूमीकडे चाललेलं असतं. झाडावर हक्क सांगणारे दोन्हीकडचे लोक आपापल्या सणात, मॅडम वडिलांना घेऊन गर्दीत, मी सासूबाईंच्या हाताखाली पुरण घाटत. त्या दिवशी झाड पाडलं. इतकी चोख योजना त्या संस्थेने परीक्षेच्या वेळापत्रकातसुद्धा कधी केली नाही. नंतर दोन्हीकडचे लोक चार दिवस चिडले, एकमेकांवर. संस्थेला कोणी काही विचारलं नाही. लाकूड मऊ, जळणालाही बरं नाही, म्हणून तेही कोणी नेलं नाही. गोळे आवारात फुटून पडले होते आणि त्यांच्या वासाने कार्यालयाच्या खिडक्या आठवडाभर बंद होत्या. तेवढंच एक समाधान.

सुट्टी संपल्यावर मॅडम आल्या. मी घाबरले होते, आता या रडतील आणि मला काय बोलावं ते सुचणार नाही. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलींना बाहेर आणलं, खोडाच्या कापावर पाणी ओतलं आणि भिंग काढलं.

"सदाहरित पावसाळी जंगलातल्या झाडाले बहुधा वर्षाची वलयं स्पष्ट दिसत नाहीत. काहून? कारण तिथं ऋतू नसल्यासारखेच. झाड बारा महिने वाढते. आता हे पाहा." त्यांनी नखाने दाखवलं. पाण्याने ओल्या झालेल्या लाकडात गडद रेषा उमटल्या होत्या, एकीच्या बाहेर एक. "हा उन्हाळा. हाही उन्हाळा. इथं पाणी कमी पडलं होतं, रेष जाड आली."

मी माझा पहिला वर्ग सावरून म्हटलं, "मॅडम, पुस्तकात तर..."

"पुस्तक तिथलं हाय, सावंतवाडी. झाड इथलं झालं होतं."

मुलींनी आकृत्या काढल्या. मॅडमनी प्रत्येकीची तपासली आणि एकीला रेषा हलक्या आल्या म्हणून पुन्हा काढायला लावली.

पुढे त्या शिकवत राहिल्या, पण मागच्या आवारात कधी गेल्या नाहीत. वस्तीतल्या समारंभांना त्यांना बोलावणं येईनासं झालं. कॉलेजात संस्कृतच्या बाई त्यांच्याशी पूर्वीसारखंच गोड बोलत, पूर्वीसारखंच काही ऐकत नसत. वडील गेले, तेव्हाही ती झाडाची गोष्ट बापलेकींत मिटली नव्हती, असं मॅडमच एकदा बोलून गेल्या. मी इंदोऱ्याला त्यांच्या घरी जायची. अंगण मोठं, झाडून लख्ख, आणि त्यात काडीसुद्धा नाही. मी म्हटलं, "मॅडम, एखादं झाड लावा ना."

"कायले वं? लोकायले देव कमी पडले काय?"

पन्नाशी ओलांडता ओलांडता त्या काविळीने गेल्या. कॉलेजने भौतिकशास्त्राच्या मोठ्या खोलीत शोकसभा ठेवली. त्यांच्या आजारपणात मी त्यांच्या जागेवर विभागप्रमुख झाले होते, टाचा उतरल्या होत्या, वजन चढलं होतं. संस्थेतर्फे एक गृहस्थ बोलले: मॅडमची श्रद्धा केवढी, त्यांनी या आवारात साक्षात शिवलिंगीचा वृक्ष वाढवला. मग इंदोऱ्यातून आलेले एक जण बोलले: आमच्या ताईने नागपूरच्या मातीत भगवंताचा शालवृक्ष रुजवला. दोघांनीही डोळे पुसले, आणि दोघंही खोटं रडत नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

तिसरी मी. मी मॅडमचा साधेपणा, त्याग वगैरे लिहून नेलं होतं. तो कागद हातातच राहिला आणि मी तासाला शिकवतात तसं सांगू लागले.

झाडाचं नाव कुरुपिटा गयानेन्सिस. कुळ लेसिथिडेसी. मूळ स्थान दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडची सखल, ओली, सदाहरित जंगलं, विशेषतः नदीकाठ. पानं फांद्यांच्या टोकांना झुपक्याने. पानगळ वर्षातून एकाहून अधिक वेळा, थोड्याच दिवसांत संपूर्ण. फुलं खोडावर, मध नाही, सुवास आहे. पराग दोन प्रकारचे, एक खाण्याचा, एक वंशाचा. फळ गोल, कठीण कवचाचं, पिकायला वर्षाच्या आसपास किंवा जास्तच लागतं. जमिनीवर पडून फुटलं की त्याच्या मूळ जंगलात रानडुकरं ते खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. नागपुरात ते काम करणारं कोणी नव्हतं, म्हणून इंदुमॅडमनी केलं.

एवढं बोलून मी खाली बसले. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघत होते. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, ते बरं झालं.